टॅक्ट म्हणजे ठेका

मंडळी, दिवसाआड येणारं पाणी, तळेगाव चौकातली कोंडी आणि इंद्रायणीचा फेस. या तीन विषयांवर मी इथे इतकं लिहिलंय की चौथा विषय काढला तर लोक फोन करून विचारतात, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. आजचा विषय चौथा आहे आणि जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

विषय आहे नवे अल्बम. हिप हॉपचे आणि डान्स म्युझिकचे.

मी सेहेचाळीस वर्षांचा, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, अर्धं आयुष्य महापालिकेच्या सभा आणि एमआयडीसीतले अपघात कव्हर करण्यात घालवलेला माणूस. माझ्या वयाची माणसं संध्याकाळी सुधीर फडके लावतात. मीही लावतो. पण नवा रॅप अल्बम यायचा असला की त्या आठवड्यात मी जरा हवेतच असतो. पोरगी म्हणते, "पप्पा, तुमच्या वयाला शोभत नाही." तिला म्हटलं, अगं, या संगीताचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत एका मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. गाणी लावायला भाऊ होताच. त्या भावाला जग आज डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. त्याच्या लक्षात आलं होतं की गायक थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात, तेवढ्याच तुकड्यावर पोरं जास्त नाचतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेऊन तो तुकडा आलटून पालटून लांबवत नेला. आपल्या जत्रेतला ढोलवाला वेगळं काय करतो? नाचणारे रंगात आले की पुढची चाल घेतच नाही, तीच धरून ठेवतो.

तर हे इतकं जुनं आहे. नवे असतात ते अल्बम.

२०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा गुरुवारी रात्री बाराचा ठोका पडला की फोनवर हजर. आता चाकणचं वेळापत्रक आठवा. दुसरी शिफ्ट साडेअकराच्या मागंपुढं सुटते. लाइनवर फोन चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो. पोरं गेटबाहेर येतात, फोन हातात येतो, बस मोशी-भोसरीच्या दिशेने निघते आणि कुरुळीच्या आसपास बारा वाजतात. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपना गुरुवारची सुट्टी. तिथल्या पोरांसाठी तर अल्बम सुट्टीच्या शेवटच्या मिनिटाला येतो.

कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर बातमी करत होतो, तेव्हा अशाच एका बसमधून रात्रीचा आलो होतो. अर्धी बस झोपलेली. माझ्या पुढच्या सीटवर दोघं. एक परभणीकडचा, बावीस-तेवीसचा, आयटीआय फिटर, ट्रेनी म्हणून लागलेला. दुसरा बिहारचा. इअरफोन एकच, एक टोक याच्या कानात, दुसरं त्याच्या. दोघांच्या माना एका लयीत हलत होत्या. मी विचारलं काय ऐकताय. परभणीवाल्याने स्क्रीन दाखवली. सीधे मौत, दिल्लीची जोडी, 'लंच ब्रेक' नावाचा त्यांचा २०२३ चा मिक्सटेप. तीस ट्रॅक. मी म्हटलं, तुमच्या कंपनीचा लंच ब्रेक किती मिनिटांचा? तो हसला, "तीसच की सर. एका मिनिटाला एक गाणं." मग जरा थांबून म्हणाला, "पण पहिल्यापासून ऐकायचं. मधलंच लावलं तर मजा जाती."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. हल्ली सगळे म्हणतात की पोरांना पंधरा सेकंदांच्या पुढं लक्ष देता येत नाही, रीलने वाटोळं केलं. त्या बसमध्ये मी बघत होतो, दहा तास उभं राहून आलेला पोरगा एका अल्बमची गाणी ज्या क्रमाने बनवणाऱ्याने लावली त्याच क्रमाने ऐकत होता. त्याच्या दिवसातली बाकीची प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणीतरी तोडून दिलेली असते. कॉट बेसिसवर खोली, खानावळीच्या वेळेत जेवण, सात महिने झाले की ब्रेक. आणि हा नवा अल्बम त्याला त्याच रात्री मिळतो ज्या रात्री बाणेरच्या आयटीवाल्याला मिळतो. एक मिनिट उशिरा नाही.

चाकणचा रस्ता अल्बम ऐकायला तयार केलाय असंच मला कधीकधी वाटतं. केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स', बारा गाणी, ४४ मिनिटं. रात्री चाकण ते भोसरी बरोबर बसतो. संध्याकाळी सहाला तळेगाव चौकात सापडलात तर बियॉन्सेचा 'रेनेसान्स' घ्या, १६ गाणी, ६२ मिनिटं, आणि तरी चौक उरतोच.

'जीएनएक्स'बद्दल दोन शब्द सांगतो, कारण त्यात आपल्या भागाचा एक धागा आहे. २२ नोव्हेंबर २०२४ ला, शुक्रवारीच, केंड्रिकने तो कसलीही जाहिरात न करता एकदम बाहेर काढला. या माणसाला त्याच्या आधीच्या एका अल्बमसाठी २०१८ मध्ये पुलित्झर मिळालंय. आम्ही पत्रकार ज्याची नुसती स्वप्नं बघतो तेच पुलित्झर, त्यांच्या संगीत विभागातलं. तर मुखपृष्ठावर एक काळी गाडी आहे. ब्यूक जीएनएक्स. १९८७ मध्ये अशा फक्त ५४७ गाड्या बनल्या आणि केंड्रिकचा जन्मही १९८७ चा. ब्यूक हा ब्रँड जनरल मोटर्सचा. या कंपनीचा कारखाना तळेगावला २००८ मध्ये सुरू झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, हजारावर कामगारांवर ले-ऑफची पाळी आली, आंदोलनं झाली, कोर्टकज्जे झाले, पुढं कारखाना ह्युंदाईने घेतला. तिथे बनणाऱ्या एका छोट्या गाडीचं नाव आठवतंय का? बीट. शेवरले बीट. ती जोडणाऱ्या हातांवर कुणी गाणं केलं नाही. आम्ही बातम्या केल्या, त्या दुसऱ्या दिवशी रद्दीत गेल्या.

इथून मला माझ्या खऱ्या मुद्द्यावर यायचंय.

चाकणच्या कुठल्याही पोराला विचारा, टॅक्ट टाइम म्हणजे काय. तो झोपेत सांगेल. शिफ्टमध्ये कामाचे साडेसात तास, म्हणजे २७,००० सेकंद. ४५० नग काढायचेत. भागा. ६० सेकंद. दर साठ सेकंदांनी एक नग पुढं सरकलाच पाहिजे. हा टॅक्ट टाइम. त्याच्या पुढं गेलात तर अंडॉनचा दिवा लागतो, सुपरवायझर येतो. आता गंमत बघा. टॅक्ट हा मूळ जर्मन शब्द. जर्मनमध्ये संगीतातल्या मात्रेला, ठेक्याला टॅक्ट म्हणतात. म्हणजे आपली पोरं रोज आठ तास ठेक्यावर काम करतात, पगाराच्या स्लिपवर फक्त त्याचं नाव वेगळं असतं.

हे मला सुचलेलं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका गाड्यांच्या शहरात हे एका माणसाला सुचलं होतं. डेट्रॉइट. बेरी गॉर्डी नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९५५ मध्ये तिथल्या लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर कामाला होता. एका टोकाला नुसता लोखंडी सांगाडा, दुसऱ्या टोकाला चकाचक गाडी, हे तो रोज बघायचा. त्याने ठरवलं, गाणीही अशीच बनवायची. एका दाराने रस्त्यावरचं पोर आत, दुसऱ्या दाराने स्टार बाहेर. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने मोटाऊन कंपनी काढली. मोटाऊन म्हणजे मोटर टाऊन. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, चाली शिकवणारे वेगळे, आणि दर आठवड्याला क्वालिटी कंट्रोलची मीटिंग. हो, नावही तेच.

पुढची पिढी आणखी चमत्कारिक. ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडत होते, उरलेल्यांत रोबो येत होते. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमधले तीन शाळकरी मित्र, ह्वान अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन, यांनी स्वस्तातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन एक नवं नाचायचं संगीत केलं. त्याला नाव पडलं टेक्नो. अॅटकिन्सचं म्हणणं असं होतं, की बेरी गॉर्डीने फोर्डच्या पट्ट्यावरून संगीत घेतलं, मला मात्र फोर्डच्या रोबोंमध्ये जास्त रस आहे. आपल्या वेल्डशॉपमध्ये उभे असलेले ते पिवळे-केशरी हात आठवा आणि मग टेक्नोचं एखादं जुनं गाणं ऐका. एकदम कळतं.

त्याच गावात जे डिला झाला. हिप हॉपचे बीट बनवणारा. त्याचा 'डोनट्स' हा अल्बम माझ्या फोनमधून कधीच गेला नाही. ३१ तुकडे, ४३ मिनिटं, शब्द जवळजवळ नाहीतच. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी तो आला आणि तीन दिवसांनी डिला गेला. त्याचे ड्रम मुद्दाम किंचित मागेपुढे पडतात. मशीन वापरूनही मशीनसारखे वाजत नाहीत. दर साठ सेकंदांना नग सोडणाऱ्या माणसाने हे ऐकावं. टॅक्ट टाइमला दिलेलं इतकं सभ्य उत्तर मला दुसरं माहीत नाही.

आणि शिकागोचं 'हाऊस' म्युझिक, ज्याच्यावर बियॉन्सेचा तो अख्खा अल्बम उभा आहे, त्याला ते नाव मिळालं वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून. जुन्या औद्योगिक इमारतीत चालायचा. कृष्णवर्णीय आणि समलिंगी पोरं, ज्यांना बाकीच्या क्लबात कुणी उभं करत नव्हतं, ती तिथे रात्रभर नाचायची. आपल्याकडे वेअरहाऊस किती आहेत, म्हाळुंगे-निघोज्याकडे गाडी घेऊन जा आणि मोजा.

आता मला सांगा, गाड्यांच्या या पट्ट्याला आपण इतकी वर्षं पूर्वेचं डेट्रॉइट म्हणवून घेतोय. जाहिरातीत, भाषणात, उद्घाटनाच्या फलकांवर. डेट्रॉइटने गाड्या दिल्या तसं संगीतही दिलं. आपण काय दिलं?

इथे कुणीतरी म्हणणार, पोवाडा आहे की, रॅप म्हणजे आपला पोवाडाच. या वाक्याचा मला खरंच कंटाळा आलाय. पोरं पोवाड्यातून रॅप शिकलेली नाहीत, यूट्यूबवरून शिकली, आणि त्यात काही कमीपणा नाही. अण्णाभाऊ साठे, वामनदादा कर्डक यांचं मोठेपण सिद्ध करायला रॅपची गरज नाही. हां, एक गोष्ट खरी. १४ एप्रिलला पिंपरीच्या चौकात उभं राहून भीमगीतं ऐकत वाढलेल्या पोराला शब्दांत दम कसा भरायचा हे शिकवावं लागत नाही. ते कानातच असतं.

आणि काहीच झालेलं नाही असंही नाही. इथून लोकलने पुणे स्टेशनला उतरा, मागच्या बाजूला ताडीवाला रोड. तिथला एमसी स्टॅन. २०२० मध्ये 'तडीपार', २०२२ मध्ये 'इन्सान', २०२३ च्या फेब्रुवारीत बिग बॉस जिंकून घराघरात. आम्ही क्राइमच्या बातम्या करणारे 'तडीपार' हा शब्द आठवड्यातून दोनदा लिहितो. अमुक सराईत दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार, पोलिस कायद्याचं कलम ५५, ५६, संपलं. ज्या वस्तीतून माणसं तडीपार होतात तिथल्याच पोराने तो शब्द उचलून आपल्या पहिल्या अल्बमवर लावला. बातमीत हा शब्द पोलिसांच्या बाजूने वाचला जातो, अल्बमवर तो वस्तीच्या बाजूने वाचला गेला. त्याची भाषा ना पुस्तकी हिंदी, ना मराठी. पुण्याच्या झोपडपट्टीत खरंच बोलतात ती. 'शेमडी' हा आपला मराठी शब्द देशभरातल्या पोरांच्या तोंडी बसवला त्याने. त्याच्या गाण्यांतल्या शिव्या आणि बायकांबद्दलचं बोलणं मला अजिबात आवडत नाही. पोरीसमोर मी ती गाणी लावत नाही आणि ती मला न सांगता ऐकते, हे दोघांनाही माहीत आहे. पण आवडत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

डान्सच्या बाजूला २०२४ हे वर्ष मराठीसाठी भारीच होतं. पुण्याचा क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी'. हाऊसचा ठेका, वर ठसठशीत मराठी, आणि काढलं कुणी तर नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' त्याच वर्षीचं. ते ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडला तर त्याचा सत्कार करू. काही मित्र नाक मुरडतात, हे काय गाणं आहे का. मला विचाराल तर लग्नात मराठी पोरांनी मराठी गाण्यावर नाचायला लागणं, तेही डीजेला न सांगता, ही छोटी गोष्ट नाही. मी उभा होतो, बघितलंय.

पण ही सुटी गाणी. माझा जीव अल्बमवर. मुंबईच्या 'स्वदेशी' टोळीने आरेच्या जंगलावर, वारली माणसांच्या बाजूने गाणं केलं, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गायले. २०२० मध्ये त्यांचा 'चेतावनी' हा अल्बम आला. त्यांच्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. त्यांचा एमसी तोडफोड २०२२ च्या मार्चमध्ये फार लवकर गेला. अमरावतीकडे विपिन तातड आहे, आणि सौरभ अभ्यंकर आहे, जो आपल्या नावातला 'सौ' शंभराच्या आकड्याने लिहितो. माही जी, म्हणजे मधुरा घाणे, महादेव कोळी समाजातली मुलगी, जंगलावर आणि पाण्यावर रॅप करते. माझ्या पोरीने पहिल्यांदा "पप्पा, हे ऐका" म्हणून स्वतःहून फोन पुढं केला तो माही जीसाठी. म्हणजे सगळीकडून आवाज येतोय. गाड्या जोडणाऱ्या पट्ट्यातून मात्र, जिथे लाखो तरुण पोरंपोरी रोज ठेक्यावर उभी असतात, लाइनवरच्या आयुष्यावरचा एक सलग अल्बम मला अजून ऐकायचाय.

का येत नसेल, याचं एक कारण मी जवळून बघितलं.

तो परभणीवाला पोरगा बसमधल्या त्या रात्रीनंतर संपर्कात राहिला. मग कळलं, तो स्वतः लिहितो. चिखलीत खोली, सहा जण. फोनवरचं फुकटचं अॅप, त्यात बीट. रूममेट तिसऱ्या शिफ्टला गेले की हा डोक्यावरून गोधडी घेऊन रेकॉर्ड करतो, म्हणजे आवाज घुमत नाही आणि मालकीणबाई दार वाजवत नाहीत. अल्बम करायचाय. आठ गाणी. नाव ठरलेलं, ते मी सांगणार नाही, त्याचं आहे. पहिल्या गाण्यात तो पार्ट नंबर म्हणत जातो, ओळीमागून ओळ, आणि मध्ये एका नगाच्या जागी स्वतःचा टोकन नंबर येतो. बस्स, पुढं काही स्पष्टीकरण नाही. मी मोठमोठ्या कवी संमेलनांच्या बातम्या केल्यात. इतकी नेमकी गोष्ट तिथे क्वचित ऐकली.

त्याच्यासारखे सात-आठ जण जमले. दोघं बीट करणारे, एक थेरगावचा पोरगा जमिनीवर डोक्यावर फिरून नाचणारा, एक मुलगी वायर हार्नेसच्या कंपनीत काम करणारी, ती लिहिते मराठीत आणि म्हणते खणखणीत. त्यांना एक संध्याकाळ करायची होती. तिकीट लावून, रीतसर. मी म्हटलं, चला, हॉल बघू. आपल्या शहरात नाट्यगृहांची कमी नाही. चिंचवडला रामकृष्ण मोरे, संत तुकारामनगरला अत्रे रंगमंदिर, भोसरीला लांडगे, सांगवीला निळू फुले, आकुर्डीला गदिमा. आम्ही ज्या सभागृहात गेलो त्याचं नाव घेत नाही, ते या पाचांतलं असेलच असंही समजू नका. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज दिला. कार्यक्रमाचा प्रकार: नाटक, वाद्यवृंद, व्याख्यान, स्नेहसंमेलन, इतर. विचारलं, यात काय लिहायचं? ते म्हणाले, "रॅप म्हणजे भाषण का गाणं?" प्रश्न प्रामाणिक होता. पोरांना हसू आलं, मलाही. पुढचं हसण्यासारखं नव्हतं. 'इतर'चं भाडं जास्त. अनामत रक्कम वेगळी. सगळ्या गाण्यांचे शब्द लेखी द्या. पोलिसांचं पत्र आणा. आणि जाताना सल्ला, "राजकारणावर काही नको बरं का. हल्ली काही सांगता येत नाही."

हा शेवटचा सल्ला हवेतला नव्हता. २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर एका रॅपसाठी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात उमेश खाडेवर वडाळ्यात. दोघांनी चारचौघात जे बोललं जातं तेच ठेक्यावर म्हटलं होतं. आता दुसरीकडे बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले काही सवलतीचे दिवस सोडून. नेत्याच्या वाढदिवसाला आपल्या चौकात स्पीकरची भिंत लागते तेव्हा शेजारच्या दवाखान्याच्या काचा थरथरतात. त्यावर गुन्हा किती वेळा आणि कुणावर दाखल झाला, हे तुम्हीच आठवा. मला डीजेचा राग नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. पण ज्याच्या भिंतीत शब्दच नाहीत त्याला परवानगी लागत नाही, आणि ज्याच्याकडे नुसते शब्द आहेत त्याला त्याची लेखी प्रत द्यावी लागते, एवढं माझ्या डोक्यात बसलंय.

अनामत रकमेचा आकडा ऐकूनच पोरं गप्प झाली. एका महिन्याच्या स्टायपेंडपेक्षा जास्त होती. बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस घेतला, पैसे मला देऊ दिले नाहीत. मग रविवारी संध्याकाळी मेट्रोच्या खांबांखाली जमायचं ठरलं. काही रविवार जमलेही. छोटा ब्लूटूथ स्पीकर, येणारे-जाणारे थांबायचे, एक भेळवाला तर वेळेवर गाडी लावायला लागला. थेरगावचा पोरगा पुठ्ठा अंथरून त्यावर फिरायचा. हार्नेसवाल्या मुलीने एकदा सुपरवायझरच्या शिट्टीवर म्हटलं, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्या काकांनी टाळी दिली आणि म्हणाले, "आमच्या टायमाला पण असाच होता एक." महिन्याभराने सिक्युरिटीने हटवलं. त्यांचंही काम आहे.

आणि मग सातवा महिना आला. परभणीवाल्याला ब्रेक मिळाला. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: सलग नोकरीचे हक्क लागू नयेत म्हणून कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी घरी बसवतात, नंतर नव्या कागदावर पुन्हा घेतात किंवा घेत नाहीत. त्याला घेतलं नाही. तीन गाणी झाली होती. खोली सोडली, गावाकडे गेला. त्याच्या गोधडीखाली जो बीटवाला मदत करायचा तो रांजणगावला लागला. मुलगी इथेच आहे, तिची शिफ्ट बदलली. मेट्रोखालची टोळी सुटली. कुणाशी भांडण झालं नाही. फक्त सगळ्यांच्या शिफ्ट आणि कंत्राटाच्या तारखा कधी जुळल्याच नाहीत.

डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने घर विकत घेतलं होतं, खाली स्टुडिओ, वर बिऱ्हाड, आणि दिवसरात्र दार उघडं. पोरं शिफ्ट संपवून कधीही यायची. आपल्या पोरांना तेवढंच लागतं, कधीही येता येईल असं एक दार.

गेल्या महिन्यात रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सअॅप वाजलं. गुरुवार होता. मला वाटलं कुणीतरी नव्या अल्बमची लिंक टाकली. त्याचंच चौथं गाणं होतं, गावाकडून पाठवलेलं. मागे मोटारीच्या पंपाचा आवाज आहे, विहिरीवरचा. तो त्याने काढून टाकला नाही, त्याच्यावरच ठेका बसवलाय. तीन वेळा ऐकलं आणि मग त्या रात्री खरोखर आलेला अल्बम ऐकायला घेतला. तो कुणाचा होता ते आता आठवतही नाही.

तो दिवाळीनंतर परत येतोय, एका ठेकेदाराशी बोलणं झालंय. चार गाणी बाकी आहेत. तर मंडळी, एक काम. भोसरी, चिखली, मोशी, कुरुळी या पट्ट्यात कुणाचं बंद पडलेलं शेड असेल, सुट्टीच्या दिवशी रिकामं राहणारं गोदाम असेल, एखाद्या मंडळाचा वरचा हॉल असेल, तर मला मेसेज करा. भाडं थोडं देऊ, वीजबिल पूर्ण देऊ, झाडून पुसून ठेवू. रात्री साडेअकरानंतर तासभर उघडं ठेवता आलं तर फारच बरं, दुसरी शिफ्ट तेव्हाच सुटते. आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवायची जबाबदारी माझी, मीटर माझ्याकडे आहे, गणपतीच्या बातमीसाठी घेतला होता.